आडवा फोटो

१८ जानेवारी २००२

संपादक साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग. रविवारच्या पानाला विषय नाही. आमचं शहर नव्या राज्याची राजधानी होऊन वर्ष उलटलं आणि रोज तेच छापतो आहोत: कुणाला कुठला बंगला, कुठला रस्ता रुंद, भोपाळहून किती फायली आल्या. "मंदाजी, कुछ ऐसा लाइए जिसमें राजधानी न हो। लोग ऊब गए हैं।"

नासिर म्हणाला, धमतरी रस्त्यावर एका ट्रस्टची जनावरांची बाग आहे, तिथला रखवालदार मादी बिबट्याच्या पिंजऱ्यात जाऊन तिला आंघोळ घालतो. नासिर फोटो चांगले काढतो, पण सांगताना निम्मं वाढवतो. तरी बघून येते म्हटलं.

घरी नवऱ्याला, अरविंदला सांगितलं. "बिबट्या पाहाले जाऊन राहिली? तुह्या ऑफिसात का कमी हायत?"

२१ जानेवारी

नासिरनं वाढवलं नव्हतं.

रखवालदाराचं नाव बिसाहू. चाळिशीचा, काटकुळा, गळ्यात गमछा, पायात रबरी चपला. आवाज इतका हळू की दोनदा विचारावं लागतं. मादीचं नाव मोंगरा. धानाच्या शेतात सापडली तेव्हा डोळे उघडले नव्हते. बिसाहूनं बागेतल्याच आपल्या खोलीत वाढवली. कापसाच्या वातीनं शेळीचं दूध. त्याची बायको सुकवारो चुलीपाशी बसून म्हणाली, आमच्या पोरीसाठी हा माणूस एवढ्या रात्री जागला नव्हता. तक्रार होती की कौतुक, कळलं नाही. दोन्ही असावं.

आता मोंगरा अडीच वर्षांची. पिंजरा म्हणजे खरं तर मोठं आवार, वर-खाली जाळी, मध्ये दोन झाडं. दाराला दार: पहिलं उघडून आत जायचं, लावायचं, मगच दुसरं उघडायचं. बाहेर एक माणूस पाण्याचा पाइप धरून. बिसाहूनं हाक मारली. ती झाडावरून उतरली. उतरली म्हणजे ओघळली. त्याच्या मांडीला अंग घासलं. त्यानं नारळाच्या काथ्यानं तिची पाठ घासली. मी जाळीबाहेर होते तरी दोन पावलं मागे झाले.

बाहेर आल्यावर त्यानं सांगितलेलं, वहीतून उतरवते आहे. खाणं टाकल्यावर आत जायचं नाही. पाठ द्यायची नाही. आणि सगळ्यात मोठं: आत बसायचं नाही. कधीच नाही. "बइठे मनखे ओला मनखे नइ दिखय दीदी, सिकार दिखथे।" बसलेला माणूस तिला माणूस दिसत नाही.

मागच्या आषाढात पायातला काटा काढायला तो खाली बसला होता. ती मागून आली आणि मानेभोवती तोंड ठेवलं. चावली नाही. नुसतं धरून राहिली. "खेलत रिहिस," तो म्हणाला, खेळत होती. मग म्हणाला, "फेर छोड़े म देरी करिस।" सोडायला वेळ लावला. त्या दिवसापासून तो आत बसलेला नाही.

विचारलं, भीती? "डर ला बाहिर खूँटी म टाँग के जाथंव। निकलथंव त फेर पहिन लेथंव।" भीती खुंटीला टांगून आत जातो, बाहेर आला की पुन्हा घालतो.

एवढं वाक्य मिळालं की मजकुराची काळजी नसते. परत येताना रिक्षात मनातल्या मनात अर्धा लेख झाला.

२४ जानेवारी

फोटो झाले. दमले.

पानाचा खालचा अर्धा भाग सदर बाजारातल्या साडीवाल्याच्या जाहिरातीला गेलाय. वर मथळा आणि मजकूर. राहिली एक आडवी पट्टी. नासिरनं दहा-बारा फोटो काढले, सगळे उभे. बिसाहू उभा, मोंगरा त्याच्या गुडघ्याशी. आडवं कापलं तर एक तर त्याचं डोकं जाणार, नाही तर तिचं. नासिर म्हणाला, "दीदी, आड़ा नहीं बन रहा।" चारला पान लावायचं. तीन वाजत आलेले.

मी म्हटलं, "बिसाहू, दो मिनट बैठ जाओगे?"

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मग मोंगराकडे. "दीदी कहत हे," एवढंच म्हणाला, कुणाला तरी समजावल्यासारखं. आणि बसला.

ती आली. तोंड त्याच्या खांद्यावर ठेवलं. दोन चेहरे एका रेषेत, अगदी पट्टीत बसतील असे. नासिरनं सात-आठ काढले. पाइपवाला तोंड उघडं टाकून उभा. बिसाहू उठला तो तिरका, हळूहळू, पाठ न देता. बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला. जानेवारीत. तो हसला. मग मीही हसले.

नासिर गाडीवर ओरडत होता, "दीदी, ये तो फ्रेम करवाने वाला है।"

चार वाजून पाच मिनिटांनी पान लागलं.

२७ जानेवारी

छापून आलं. फोटो अप्रतिम. सकाळपासून फोन. चौबे कॉलनीतल्या आमच्या गल्लीत दूधवाल्यानंसुद्धा विचारलं, खरा आहे की जोडलेला?

चोवीसलाच पान लागताना उपसंपादकानं कळवलं होतं, मजकूर चौदा ओळी जास्त. म्हटलं, खालून काप. मीही आयुष्यभर खालूनच कापत आले. अठ्ठावीस वर्षांत शिकलेली पहिली गोष्ट: महत्त्वाचं वर लिहायचं, शेवटी असेल ते गेलं तरी चालतं. खाली बिसाहूचे नियम होते. खुंटीचं वाक्य वर घेतलेलं, ते वाचलं.

अरविंद पेपर हातात धरून बराच वेळ पाहत होता. "फोटो त जबरा हाय. पण हा मानूस भेऊन राहिला ना?"

"हसतोय तो."

"तोंड हासून राहिलं. पायाची बोटं पाह्य."

पाहिली. चपलेत बोटं आखडून घेतलेली. मी म्हटलं, थंडी होती.

९ फेब्रुवारी

बिसाहू ऑफिसात आला. हातात पिशवी, पिशवीत खोलीमागच्या बाडीतली लौकी, दोन दुधी. इस्त्रीचा शर्ट. डेस्कवर सगळे उभे राहिले. "आइए आइए, हीरो आए!" सं. साहेबांनी स्वतः चहा मागवला. त्याला आणखी चार प्रती हव्या होत्या. गावी सासऱ्याला, मावशीला. "गाँव भर देखिन।" सगळ्या गावानं पाहिला.

मोंगरालाही दाखवला म्हणे. हुंगला आणि चाटला. "करिया होगे ओखर जीभ!" जीभ शाईनं काळी झाली. सांगताना इतका हसला की खुर्चीवरून घसरला. मला वाटलं, या नोकरीत वर्षातून एखादा असा दिवस येतो.

मॅनेजर शुक्लांनी फोटो मोठा करून बागेच्या फाटकावर फलक लावलाय. तिकिटाची रांग वाढली.

३ मार्च

नासिर बागेतून आला. तिथं आता लाल दिव्याच्या गाड्या येतात. साहेब लोक, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांची मुलं. फाटकावरचा फलक पाहतात आणि तसाच फोटो मागतात. मॅनेजर बिसाहूला हाक मारतात. पाहुणा जाळीला पाठ लावून उभा, मागे आत बिसाहू बसलेला, खांद्यावर मोंगरा. नासिर म्हणाला, तिथं आता त्याला 'पेपरवाला पोज़' म्हणतात.

"बसतो?"

"बैठता है दीदी। नहीं बैठेगा तो?"

बिसाहू अजून रोजंदारीवर आहे, पक्का झालेला नाही. हे मला ठाऊक होतं. लेखात नव्हतं.

१४ मार्च

ऑफिसात बिसाहूचा फोन. एसटीडी बूथवरून, मागे ट्रकचा आवाज. आधी माझी, अरविंदची, लेकीच्या, अनुच्या परीक्षेची चौकशी. मग म्हणाला, मोंगरा माजावर येते आहे, चिडचिडी झाली आहे. मॅनेजरसाहेब ऐकत नाहीत. "तुमन बोल देहू का दीदी? एक पइत। तुम्हर बात मानही।" एकदा तुम्ही बोला, तुमचं ऐकतील.

म्हटलं, हव, उद्याच बोलते.

विधानसभेचं अधिवेशन. पाच जणांचं काम तिघांवर.

१५ मार्च

बागेत फोन केला, एंगेज. पुन्हा केला, एंगेज.

आज पुरवणीचं मुखपृष्ठ दोनदा बदललं.

१९ मार्च

बागेत फोन राहिला.

अनुचा गणिताचा पेपर बरा गेला. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. "ठीक था मम्मी, इतना मत पूछो।"

२६ मार्च

बागेत फोन लागला. मॅनेजर जेवायला गेलेले. निरोप ठेवू का विचारलं, नको म्हटलं, प्रत्यक्षच बोलीन. होळीनंतर.

२ एप्रिल

ऊन सुरू. कूलरच्या पट्ट्या बदलल्या. ब्राह्मणपाऱ्यात आईकडे जाऊन पापड वाळत घालून आले. गच्चीवर पाय भाजले. आईनं विचारलं, "तो बिबट्यावाला कसा हाय ओ?" म्हटलं, बरा असेल.

७ एप्रिल

रविवार. दुपारी पावणेदोनला नासिरचा फोन. मोंगरानं बिसाहूला धरलं. जिवंत आहे. दवाखान्यात नेलाय.

अरविंदनं गाडी काढली. आत सोडत नाहीत. सुकवारो कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसलेली. तिच्या लुगड्यावर रक्त, त्याचंच. मी तिच्या शेजारी बसले.

पाइपवाल्याकडून कळलं ते एवढं. कुणाचे तरी पाहुणे. दोन फोटो झाले. तिसऱ्याला कुणीतरी म्हणालं, चेहरा झाकला जातोय, थोड़ा और नीचे. बिसाहू आणखी वाकला. ती झाडाखाली होती. तिथून खांद्यापर्यंत कशी आली ते कुणालाच दिसलं नाही. डावा खांदा, दंड. मानेपर्यंत दात गेले होते, गळ्याभोवतीच्या गमछ्यानं अडवले. पाण्याचा मारा केला. बिसाहू तिला नावानं हाक मारत होता. ओरडून नाही, नेहमीच्याच आवाजात. सुटला.

मला 'फोन राहिला' हे शब्द दिसत आहेत. याच वहीत, मागे.

८ एप्रिल

आमच्या पेपरात पान तीन, दोन कॉलम. 'कर्मचारी की लापरवाही, तेंदुए ने किया घायल।' बातमी नगर डेस्कनं केलेली. मॅनेजर शुक्लांचं म्हणणं: पिंजऱ्यात बसायला सक्त मनाई आहे, कर्मचाऱ्यानं आपल्या मर्जीनं नियम मोडला.

सक्त मनाई. नियम त्याचाच. त्यानंच केला, त्यानंच पाळला. बागेत तो लिहिलेला कुठेच नव्हता. एकाच जागी लिहिला होता, तो मी खालून कापू दिला.

सं. साहेबांकडे गेले. ते वाईट नाहीत, आधी दवाखान्याबद्दल विचारलं. मग म्हणाले, आपल्या जुन्या फोटोचा उल्लेख सध्या कुठे नको.

११ एप्रिल

भेटू दिलं. डावा हात राहील, पण उचलता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. चेहरा पिवळा, डोळे नेहमीसारखेच. मला पाहून उठायला गेला.

मी म्हटलं, बिसाहू, मी फोन केला नाही. करायला हवा होता.

"बूता रिहिस होही दीदी," तो म्हणाला. काम असेल.

तोंडावर मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्यानं विचारलं, मोंगरानं खाल्लं का? कोण देतंय? कुठे ठेवलीय? मला माहीत नव्हतं.

बाहेर सुकवारो नळावर डबा धूत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "छै महीना ले नइ बइठे रिहिस। तुम्हर फोटू के पाछू नौ पइत बइठिस। मैं गिनत रहेंव।" सहा महिने बसला नव्हता. तुमच्या फोटोनंतर नऊ वेळा बसला. मी मोजत होते.

रागानं नाही म्हणाली. डबा पालथा घालून ठेवला.

१६ एप्रिल

ट्रस्टनं चौकशी समिती नेमली. तीन जण, अध्यक्ष वनखात्यातले निवृत्त अधिकारी. नियम मोडल्याचं ठरलं तर बिसाहूची नोकरी जाणार आणि बागेतली खोलीही. मोंगराचं काय करायचं तेही समितीच ठरवणार. सध्या ती मागच्या लहान पिंजऱ्यात. 'हिंसक' असा शेरा बसला तर कायम तिथंच.

सगळ्यात वाईट ऐकलं ते हे: समितीचा माणूस दवाखान्यात येऊन बिसाहूचा जबाब घेऊन गेला. त्यानं सांगितलं, मला कुणी बसायला सांगितलं नाही. ना मॅनेजरनं, ना पाहुण्यांनी, ना पेपरवाल्यांनी. मैं खुदे बइठेंव.

१७ एप्रिल

दवाखान्यात गेले. थोडं भांडलेच. असं कसं सांगितलंस? नऊ वेळा तुला बसवलं, पहिल्यांदा मी बसवलं.

तो छताकडे पाहत होता. म्हणाला, "गलती मोर रही, त ओखर नइ रही।"

माझी चूक असली तर तिची नसेल. त्याचा सगळा हिशोब एवढाच. नियम मोडणारा माणूस हवाय ना, मी आहे. तिला मोकळ्या आवारात सोडा.

म्हटलं, अरे, चूक माझीही असू शकते. तशीही ती तिची होत नाही.

हे त्याला पटलं नाही. दीदी लोकांची चूक असते हे त्यानं कधी पाहिलेलं नाही.

२० एप्रिल

बागेत गेले. जानेवारीनंतर पहिल्यांदा. फाटकावरचा फलक काढलाय, चार खिळे तसेच. मॅनेजर भेटले नाहीत, म्हणजे होते आणि भेटले नाहीत. जनावरांच्या डॉक्टर तिर्की बाई भेटल्या. उराव आदिवासींच्यातल्या, सडेतोड, बोलताना हात धूत होत्या.

विचारलं, ती चिडली होती का? माजावर होती म्हणून? गर्दी, आवाज, कॅमेरे?

"कारण शोधताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "सगळं थोडं थोडं असेल. पण राग नव्हता तिचा. जाळीपलीकडे कोंबडी खाली बसली तरी ती असंच करते. अडीच वर्षं तुम्हा लोकांना ती बाळ वाटली. तिला स्वतःला तसं कधी वाटलं नसेल."

"त्याच्या हाकेनं सोडलं म्हणतात."

"पाण्यानं सोडलं असेल. हाकेनंही असेल. मी तिथं नव्हते, आणि तिला विचारता येत नाही."

मागच्या पिंजऱ्यापाशी नेलं. लहान, सिमेंटचा, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला चार पावलं. मोंगरा कोपऱ्यात आडवी पडलेली, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी दहा मिनिटं उभी होते. ती शेपटीनं माश्या हाकत होती. मग माझं पेन पडलं. उचलायला मी उकिडवी बसले.

बसले आणि तिच्याकडे पाहिलं. ती उठली नव्हती. फक्त पोट जमिनीला टेकलेलं, पुढचे पंजे छातीखाली ओढलेले, कान मागे. डोळे थेट माझ्यावर. मघापासून तिथं जे जनावर पडलं होतं ते हे नव्हतं. मध्ये गज होते, तरी पेन उचलायचं विसरले.

डॉ. तिर्कींनी दंडाला धरून मला उभं केलं. "उठा. हळू."

उभी राहिले. मोंगरानं आणखी क्षणभर पाहिलं, मग डोकं पंजावर टेकलं. पुन्हा माश्या.

हे त्यानं मला एकवीस जानेवारीला एका वाक्यात सांगितलं होतं. मी ते लिहूनही घेतलं होतं, अक्षर न चुकता. चोवीसला त्याला म्हटलं, बैठ जाओगे?

२२ एप्रिल

समितीला अर्ज दिला: माझा जबाब घ्यावा.

तासाभरात सं. साहेबांचं बोलावणं. राग नाही, आवाज चढला नाही. "मंदाजी, आप पत्रकार हैं, गवाह नहीं।" मग समजुतीनं: दोन वर्षांत निवृत्त होणार, पेपरचं नाव येईल, मॅनेजर आपल्यावर ढकलून मोकळे होतील. शिवाय त्यानं स्वतःच लिहून दिलंय, कुणी सांगितलं नाही म्हणून. त्याला खोटं पाडणार?

यातलं शेवटचं खरं आहे. तेच घेऊन घरी आले.

नासिर जिन्यात भेटला. म्हणाला, फोटो मी काढला दीदी, माझंही नाव लिहा. म्हटलं, तू फोटो आडवा होत नाही एवढंच म्हणाला होतास. तो म्हणाला, "वही तो।"

२५ एप्रिल

अरविंद: "दोन दिवसापासून पाहून राहिलो. जेवत नाही, बोलत नाही. काहून?"

सगळं सांगितलं. फोनचंही. फोनचं त्याला माहीत नव्हतं. तो उठून कूलरमध्ये पाणी टाकून आला. परत येऊन म्हणाला, "सांगाचं असन त सगळं सांग. अर्धं सांगाचं असन त जाऊच नको. अर्ध्यानं तो पोट्टा आखीनच फसन."

बिसाहूला 'पोट्टा' म्हणाला. चाळिशीच्या माणसाला. मला एकदम रडू आलं.

२९ एप्रिल

समितीचं पत्र. तीन मे, सकाळी अकरा. 'आपके कथन के समर्थन में कोई लिखित प्रमाण हो तो मूल रूप में साथ लाएँ।'

लेखी पुरावा आहे. ही वही. एकवीस जानेवारी: बसायचं नाही. चोवीस: मी म्हटलं, बसा. सत्तावीस: खालून काप. चौदा मार्च: त्यानं थांबवायला सांगितलं होतं. त्याखालचे सगळे 'राहिला'. शुक्लांच्या 'आपल्या मर्जीनं'ला उत्तर आहे ते हेच.

मराठीत लिहिते ते ऑफिसातल्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून. आता तिघांसमोर हिंदी करून मोठ्यानं वाचावं लागेल. पापडांसकट.

२ मे

दुपारी दवाखान्यात. बिसाहू खाटेवर बसला होता, उजव्या हातानं डाव्याची बोटं एकेक उघडत, मिटवत. त्याला सांगितलं, उद्या जाते आहे. तुझ्या जबाबाच्या उलट बोलावं लागेल. तुझी परवानगी नसेल तरी जाईन, पण सांगून जाते.

सुकवारोनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "जावन दे," ती त्याला म्हणाली. जाऊ दे तिला.

तो बोटं उघडत राहिला. मग म्हणाला, "सब लिख देहू दीदी। फेर ए झन लिखहू के ओ मोला नइ चिन्हिस।" सगळं लिहा, पण तिनं मला ओळखलं नाही असं लिहू नका.

मी हो म्हटलं. ओळखलं होतं असं मला सांगता येणार नाही. ओळखलं नव्हतं असंही नाही. वीस एप्रिलला तिनं मला ओळखलं होतं, खाली बसल्यावर मी तिच्यासाठी जे होते ते म्हणून. पण हे त्याला काय सांगायचं.

निघताना म्हणाला, तिर्की मॅडमना सांगा, उन्हात तिला दुपारी पाणी लागतं, अंगावर, पाइपानं नाही, बादलीनं. पाइपाला आता भीत असेल.

समिती काय ठरवेल, ठाऊक नाही. सं. साहेबांनी आज नमस्कार घेतला नाही. वही पिशवीत ठेवली आहे, चष्मा, आणि सत्तावीस जानेवारीच्या लेखाचं मूळ हस्तलिखित, त्या चौदा ओळींसकट. सुदैवानं फाडलं नव्हतं. उद्या वाचायला घेईन तेव्हा त्या चौदा ओळी सगळ्यात आधी.